तोंडलीच्या वेलीला धरून

पायाखाली लाल मुरूम, समोर करंजाचं जुनं झाड आणि त्याच्या शेंड्याकडं चढत गेलेली एक वेल. साल १६६९. तुम्ही मल्लापुरात आहात. बेंगळुरूची पेठ इथून तीनेक घटकांच्या चालीवर, आणि मधे सगळं रान: बोरी, करवंदीच्या जाळ्या, बाभळी, मधूनच एखादं चंदनाचं झाड. या रानातल्या टेकाडावर मल्लिकार्जुनाचं छोटं देऊळ आहे. लोक त्याला काडु मल्लेश्वर म्हणतात, रानातला मल्लेश्वर. पुढं याच देवाच्या नावानं इथं मल्लेश्वरम वसेल.

प्रवासाची अट आधीच सांगून ठेवतो. काळात हवं तेवढं पुढं जाता येईल, पण उभं राहायचं ते जिथं ही वेल आहे तिथंच. दरबारात नाही, किल्ल्याच्या बुरुजावर नाही, बागेच्या आखीव वाटेवरही नाही. बांध, खंदक, कुंपण, पडकी भिंत, घरांची मागची बाजू, एवढ्याच जागा तुमच्या. रानतोंडली कुणी लावलेली नसते. जिथं माणसानं हात लावायचं सोडलं तिथं ती असते, आणि बेंगळुरूत अशा जागा प्रत्येक शतकात होत्या.

वेल नीट बघून घ्या. पुढची साडेतीनशे वर्षं हिच्याच आधारानं काढायची आहेत. पानं पाच कोनांची, तळहातापेक्षा लहान. प्रत्येक पानाच्या बगलेतून एकच तणावा निघालाय, त्याला फाटे नाहीत. त्याचं टोक करंजाच्या काटकीला दोन वेढे घालून बसलंय. टोक अडकलं की उरलेला तणावा स्वतःभोवती पीळ घेतो आणि वेलीला आधाराकडं ओढतो. पिळाकडं डोळे बारीक करून बघा: अर्धा भाग एका दिशेनं वळलाय, अर्धा उलट दिशेनं, आणि मधे जवाएवढा सरळ तुकडा. दोन्ही टोकं पक्की असताना एकाच दिशेनं पीळ देताच येत नाही, म्हणून मधे दिशा बदलावी लागते. वारा सुटला की हा पीळ सैलावतो, वारा पडला की आखडतो, वेल मात्र तुटत नाही. इंग्लंडात चार्ल्स डार्विन १८६५मध्ये वेलींच्या हालचालींवर लिहील. याच कुळातली ब्रायोनी कुंपणावर सोसाट्याचा वारा कशी सोसते ते पाहायला तो मुद्दाम वादळात बाहेर पडेल, आणि तिच्या तणाव्यांनी हरखून जाईल. तुम्ही दोनशे वर्षं आधी, दख्खनच्या पठारावर, तेच बघताय.

आता फुलं. पांढरी, पाच पाकळ्यांची, पाकळ्या बुडाशी एकमेकींना जोडलेल्या. या वेलीवरच्या फुलांमागं नुसता बारीक देठ आहे. दहा पावलांवरच्या बाभळीवर दुसरी वेल चढलीय, तिच्या प्रत्येक फुलामागं नखाएवढं हिरवं तोंडलं आधीपासूनच तयार आहे. पहिली नर, दुसरी मादी. तोंडलीत नर वेगळा आणि मादी वेगळी. मधमाश्यांनी सकाळच्या वेळात या फुलावरून त्या फुलावर जायचं, कारण संध्याकाळपर्यंत फूल मिटलेलं असेल. दहा पावलांचं हे अंतर लक्षात ठेवा. पुढं ते फार महागाचं होणार आहे.

"कुठले आपण?"

मागं वळता. पागोटं घातलेला एक कारकून, कानावर बोरू. बेंगळुरूच्या रानात मराठी ऐकून दचकू नका. १६३८मध्ये विजापूरच्या फौजेनं रणदुल्लाखानाच्या हाताखाली हे शहर तिसऱ्या केंपेगौडाकडून घेतलं आणि ते शहाजीराजांकडं आलं. तेव्हापासून तीस वर्षं इथल्या कचेरीत मोडी लिहिली जातेय.

"पुण्याकडचा," तुम्ही म्हणता.

"म्हणजे थोरल्या महाराजांच्या जहागिरीतलेच की. इकडं रानात काय शोधता?"

तुम्ही बाभळीवरच्या वेलीकडं बोट दाखवता. तिथं दोन फळं पिकून लालभडक झालीत. एकाला बुलबुलानं भोक पाडलंय.

"ती पाखरांची," तो म्हणतो. "हिरवी तोडाल तर कडू लागतील. भाजीची निराळी, ती परड्यात लावतात. पिकलेलं मात्र खाऊन बघा, गुराखी पोरं खातात."

खा. साल पातळ आहे, दात लागला की लगेच फुटते. आत तांबडा, बुळबुळीत गर आणि चपट्या फिकट बिया. गोडी आहे, पण फिकी. वास काकडीचा, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी बारीकशी कडसर आठवण. मेव्यात कुणी गणणार नाही असं हे फळ. तरी संस्कृत कवींनी सुंदरीच्या ओठांना उपमा द्यायला हेच निवडलं. बिंबाधर म्हणतात त्यातलं बिंब ते हे, आणि मेघदूतातली यक्षपत्नीही त्यातून सुटलेली नाही. शहाजीराजांच्या दरबारात कवींची रीघ असे. जयराम पिंड्ये यांनी 'राधामाधवविलासचंपू'त तो दरबार रंगवलाय आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो ग्रंथ छापल्यामुळं आपण तो वाचू शकतो. त्या दरबारात बिंबफळ कितीदा ओठांपाशी आलं असेल! तुम्ही ते खरोखरच ओठांना लावलंत, आणि तेही दरबाराबाहेर, काट्यात उभं राहून.

देवळाच्या बाजूनं छिन्नीचा आवाज येतोय. पाथरवट खडकावर कन्नड अक्षरं कोरतोय. शहाजीराजांचा मुलगा एकोजी, ज्याला आपण व्यंकोजी म्हणतो, त्यानं मेदरनिंगनहळ्ळी नावाचं गाव या मल्लिकार्जुनाला दिलंय, त्याचा हा लेख. तुमच्या काळातही तो देवळासमोर उभा असेल.

"थोरले महाराज असते तर..." कारकून बोलता बोलता थांबतो. मग सांगतो: पाच वर्षं झाली, माघात, होदिगेरेच्या रानात शिकारीला गेले होते. जनावराच्या मागं घोडा फेकला. घोड्याचा पाय रानवेलीत अडकला. "एवढ्या लढाया मारल्या, आणि राजा नेला तो वेलीनं," तो म्हणतो आणि देवळाकडं चालू लागतो. साल १६६४, होदिगेरे आजच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे आणि राजांची समाधी तिथंच आहे. हे ऐकल्यावर हातातला तणावा तुम्ही नकळत सोडून देता.

पुन्हा धरा, पुढं जायचंय.

१६८७मध्ये फार थांबण्यासारखं काही नाही. मोगल सरदार कासिमखान शहर घेतो आणि लगोलग ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना विकलं जातं. पन्नास वर्षांचा मराठी अंमल संपला. मल्लापुरातल्या वेलीला यंदा फळ चांगलं आहे.

७ मार्च १७९१. इथं मात्र डोकं खाली ठेवा. तुम्ही पेठेच्या तटाबाहेर आहात. बाहेरच्या अंगाला खोल खंदक, आतल्या अंगाला तट आणि दोहोंच्या मधे मुद्दाम वाढवलेल्या काटेरी झाडांचा दाट पट्टा, ज्यातून माणूस काय, कुत्रंही निघू नये. टिपू सुलतानाच्या या शहरावर इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची फौज चालून आलीय. काट्यांचा हा पट्टा युद्धासाठी राखलेला, म्हणून त्यात वर्षानुवर्षं कोयता पडलेला नाही, आणि म्हणूनच त्यावर तोंडली अशी माजलीय की काटे दिसेनासे झालेत. तोफांच्या धुरात वेलीची पानं राखाडी होतात. दिवस मावळायच्या आत पेठ पडते, दोन आठवड्यांनी २१ मार्चच्या रात्री किल्लाही पडतो. वेशीपाशी माणसं मरताना दिसतील. तुम्हाला हलता येणार नाही, नुसतं बघावं लागेल. या प्रवासातलं हे ठिकाण वगळावं असं मला वाटत होतं, पण वेल इथं होती, आणि आपण अट मोडायची नाही.

मे १८००. हवा बदलली. वळवाची एक सर पडून गेलीय, मातीचा वास सुटलाय. तुम्ही लालबागेच्या कडेला आहात, आतल्या नव्हे, बाहेरच्या अंगाला. हैदरअलीनं १७६०मध्ये ही बाग लावली, टिपूनं वाढवली. टिपू जाऊन एक वर्ष झालं. आत एक गोरा साहेब हिंडतोय, हातात वही. हा फ्रान्सिस बुकानन, ईस्ट इंडिया कंपनीनं म्हैसूर, कॅनरा आणि मलबारची पाहणी करायला पाठवलेला डॉक्टर. त्याला बाग आवडलेली दिसतेय. चौकोनी वाफे, मधून वाटा, वाटांच्या दोन्ही बाजूंना सरूची झाडं. एका वाफ्यात फक्त गुलाब, दुसऱ्यात फक्त डाळिंब. एका जातीला एक तुकडा, अशी इथली रीत आहे, हे तो टिपून घेतो. विहिरीवर मोट चाललीय, बैल उतारावरून खाली जातात आणि पाणी पाटात धो धो पडतं.

त्याच्या वहीत तुमच्या वेलीची नोंद होतेय की नाही ते इथून दिसत नाही. तुम्हाला दिसतो तो माळी. डाळिंबाच्या वाफ्यात घुसलेली तोंडली तो उपटतोय. पेराला धरून तोडतो, वेटोळं करतो आणि कुंपणावरून भिरकावतो. ते वेटोळं तुमच्या पायाशी, ओल्या मातीत पडतं. जागचे हलू नका, तीन आठवडे इथंच थांबा. मातीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून आधी पांढरी मुळं सुटतात, मग एक कोवळा शेंडा डोकं वर काढतो. वाफ्यात एक वेल होती, कुंपणाबाहेर आता चार झाल्या. शिवाय वाफ्यात खाली, हातभर खोल, तिची गड्ड्यासारखी जाड मुळी तशीच आहे. पुढच्या पावसात माळ्याला पुन्हा वाकावं लागेल. शेतात तोंडली लावतात तीही अशीच, काडी रोवून. मळेकऱ्यानं ही युक्ती कुणाकडून उचलली असेल ते तुम्ही आत्ताच पाहिलंत.

आता एक जड मुक्काम. १८७७चा उन्हाळा. मागच्या वर्षीचा पाऊस गेला, यंदाचाही येईना. लालबागेत जॉन कॅमेरॉन अधीक्षक आहे. दूरदेशीची रोपं आणून ती इथं रुजवण्यात त्यानं आयुष्य घातलं. मेक्सिकोकडची चाऊचाऊ, जिला बेंगळुरूकर सीमे बदनेकाई म्हणतात, ती त्याच्याच हातून शहराच्या मांडवांवर चढली असं इथं सांगतात. तीही तोंडलीच्याच कुळातली वेल. तिला मांडव मिळाला.

तुम्ही गावाबाहेरच्या वाळलेल्या तळ्याच्या बांधावर आहात. रस्त्यानं माणसं शहराकडं येताहेत. कोलार, तुमकूर, चित्रदुर्गाकडून आलेली, हाडांवर कातडी उरलेली. अन्नछत्रापाशी पेज मिळते असं त्यांनी ऐकलंय. एक बाई बांधाखाली उतरते. करंजावरच्या वेलीला या आगीतही चारदोन कोवळे शेंडे आहेत, कारण खालची मुळी अजून ओल राखून आहे. बाई शेंडे खुडते, ओच्यात टाकते. वर एक पिकलेलं तोंडलं आहे. तिचा हात पोचत नाही. तुम्ही फांदी वाकवून धरता. ती फळ तोडते आणि कडेवरच्या मुलाच्या तोंडात देते. तुमच्याशी ती बोलत नाही. म्हैसूर संस्थानाच्या १८७१च्या शिरगणतीत पन्नास लाखांहून जास्त माणसं होती. १८८१च्या शिरगणतीत बेचाळीस लाखही भरली नाहीत. मूठभर पाल्यानं दुष्काळ सरत नाही, हे खरं. पण ज्या दिवशी घरात काहीच नव्हतं त्या दिवशी चुलीवर जे चढलं ते बांधावरून आलं होतं, आणि अशा दिवसांची नोंद कुठल्या बखरीत नसते. म्हणून मला बांध महत्त्वाचे वाटतात.

ऑगस्ट १८९८. दोन वर्षांपूर्वी मुंबईत शिरलेला प्लेग रेल्वेनं बेंगळुरूत आलाय. पेठेतली घरं रिकामी होताहेत. लोक माळावर झोपड्या टाकून राहताहेत. दाटीवाटीच्या पेठेला पर्याय म्हणून १८९२ पासून दोन नव्या वसाहतींची आखणी सुरू होती, दक्षिणेला बसवनगुडी आणि उत्तरेला मल्लेश्वरम. प्लेगनं त्यांना घाई लावली. मल्लापुरातल्या तुमच्या करंजाखाली आता मोजणीदाराची साखळी पसरलीय. रुंद सरळ रस्ते, हवेशीर घरं, प्रत्येक घराला परसू. आणि घरांच्या दोन ओळींच्या पाठीमागून एक अरुंद बोळ. मुंबईत जिला घरगल्ली म्हणत, तसाच. इथं त्याला कन्झर्व्हन्सी लेन म्हणतात. घराच्या पुढच्या दारानं पाहुणे येतील, आणि या बोळातून मैला वाहून नेणारी माणसं येतील. डोक्यावर पाट्या घेऊन, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून.

करंज तोडला जातो. वेल बोळात येते.

पुढची चाळीस वर्षं तुम्ही या बोळात काढा. शहर तुम्हाला मागून दिसेल, आणि मागून दिसणारं शहर जास्त खरं असतं. कुणाच्या स्वयंपाकघराच्या जाळीतून फोडणीचा वास येईल. कुणी रागानं आपटलेलं भांडं ऐकू येईल. पहाटे, अजून अंधार असताना, ती माणसं येतील. त्यांनी शहराला जिवंत ठेवलं आणि शहरानं त्यांना या साडेतीन हातांच्या बोळापुरती वाट दिली. बोळात त्यांच्यासोबत कुणी असेल तर ही वेल. एका बाईनं भिंतीवरचं लाल तोंडलं तोडून तोंडात टाकलं आणि पाटी पुन्हा उचलली, हे तुम्ही पाहिलंत. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

एका देशस्थ घराची खिडकी बोळाकडं उघडते. आत मराठी बोलणं चालू आहे, कन्नड शब्दांनी मधेमधे वाकलेलं.

"अज्जी, आज काय पल्या?"

"तोंडेकाईची. पण तुला नाही हां. उद्या परीक्षा ना तुझी?"

"म्हणून काय झालं?"

"तोंडली खाल्ली की बुद्धी मंद होते. मोठी माणसं सांगून गेलीत."

चाणक्याच्या नावावरच्या नीतिग्रंथात हा समज आहे, आणि अजूनही कितीतरी घरांत परीक्षेच्या आदल्या दिवशी तोंडली शिजत नाही. पोर हिरमुसतं. अज्जी ताटात वेगळी भाजी वाढते. तोंडलीचे उभे काप, ओलं खोबरं, उडीद डाळीची फोडणी, तो वास खिडकीतून येतोच आहे. परीक्षा संपल्यावर त्याला तोंडलीभात मिळेल, गोडा मसाला घातलेला, पुण्याकडच्या लग्नातल्यासारखा, असं ती कबूल करते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून थोडं भरभर जाऊ. १९५२. 'नेचर'मध्ये एल. एस. एस. कुमार आणि एस. विश्वेश्वरय्या यांचा तोंडलीवरचा लेख छापला गेलाय. वेल नर होणार की मादी हे कशावर ठरतं, हा प्रश्न. उत्तर माणसासारखंच निघालं. मादीत दोन एक्स, नरात एक एक्स आणि एक वाय. गुणसूत्रं एकूण चोवीस. फरक एवढाच की माणसाचा वाय खुजा असतो आणि तोंडलीच्या पेशीत वाय हेच सगळ्यांत मोठं गुणसूत्र, इतकं की नर वेलीच्या पेशीतला डीएनए मादीपेक्षा सुमारे दहाव्या हिश्शानं जास्त भरतो. झाडांमध्ये अशी उघडउघड ओळखू येणारी लिंगगुणसूत्रं फार थोड्यांना असतात. जगभरचे अभ्यासक लिंगभेद कसा उत्क्रांत झाला हे समजून घ्यायला या आपल्या कुंपणावरच्या वेलीकडं वळतात.

२००८. बेंगळुरूच्याच सेंट जॉन्स वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी 'डायबेटिस केअर'मध्ये एक चाचणी छापलीय. नुकताच मधुमेह निघालेले साठ रुग्ण, नव्वद दिवस. निम्म्यांना रोज एक ग्रॅम तोंडलीचा अर्क, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. अर्क घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर १६ टक्क्यांनी आणि जेवणानंतरची १८ टक्क्यांनी उतरली. साठ माणसांच्या चाचणीवरून औषधं बंद करायची नसतात, हे डॉक्टरही सांगतील. पण अज्जीनं परीक्षेच्या दिवशी नाकारलेली भाजी तिच्या नातवाला म्हातारपणी उपयोगी पडू शकेल, ही गोष्ट मला फार आवडते.

आता ते दहा पावलांचं अंतर आठवा, नर आणि मादीमधलं. बाजारात येणारी तोंडली बहुतेक मादी वेलींच्या काड्यांपासून वाढलेल्या मळ्यांतली. परागकण न पोचताही फळ धरणारे वाण निवडून निवडून घेतलेले, कडूपणा काढून टाकलेले. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. हेसरघट्टच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी तोंडलीचे सुधारित वाणही निघाले. पण काडीतून काडी, काडीतून काडी असं चालतं तेव्हा मळाभर एकच वेल असते. तिला लागणारा रोग सगळ्यांना लागतो. नवं काही घडायचं असेल तर नर हवा, मादी हवी, मधमाशी हवी, बुलबुलानं बी टाकायला हवं. ते सगळं घडतं ते कुंपणावर. बाजारातल्या तोंडलीचं माहेर म्हणाल तर ते इथं आहे, बोळातल्या या कडू वेलीत.

हवाई, ग्वाम आणि सायपान बेटांवर हीच वेल माणसांनी नेली आणि तिनं तिथली झाडं झाकून मारली. हवाईत ती उपद्रवी तण म्हणून सरकारी यादीत आहे, आणि तिला आवरायला आफ्रिकेतून तिचे शत्रुकीटक आणून सोडावे लागले. तिथले लोक तिच्यावर चिडतात, ते रास्त आहे. इथं तिला खाणारे भुंगेरे, फळमाश्या, अळ्या आणि पक्षी तिच्याबरोबरच राहतात. त्यामुळं बेंगळुरूत ती कुंपणावर असते, डोईजड होत नाही. एखादी वेल वाईट की चांगली, हे तिला कुठं उभं केलंय त्यावर असतं.

मुक्कामाला आलात. मल्लेश्वरम, आजची सकाळ. बोळ तोच. दोन्ही बाजूंची परसवं जाऊन तिथं तीनमजली इमारती आल्यात. मैल्याच्या पाट्या गेल्या, गटारं जमिनीखाली गेली, आणि बोळाचं काय करायचं हे कुणालाच नीट ठरवता आलेलं नाही. काही बोळ रहिवाशांनी रंगवून चालायला मोकळे केले, छान दिसतात. काहींत गाड्या उभ्या असतात, काहींत कचरा. जिथं जिथं काँक्रीट पक्कं ओतलं तिथं मुळीला जागा राहिली नाही. या बोळात एका बाजूला अजून मातीची पट्टी आहे, वीतभर रुंद. तिच्यातून वर आलेली वेल जाळीच्या कुंपणावर पसरलीय. फुलामागं नुसता देठ. नर आहे. पलीकडच्या कंपाउंडात, दहाएक पावलांवर, पाण्याच्या पाइपावर चढलेल्या वेलीला हिरवी-लाल तोंडली लगडलीत.

पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार बाई कोयता घेऊन जाळीपाशी आल्यात. साडीवर कोट, पायात प्लॅस्टिकच्या चपला.

"अक्का, ही वेल राहू द्या ना," तुम्ही मोडक्या कन्नडमध्ये म्हणता.

त्या एक फूल उलटं करून बघतात. "कागे तोंडे. हिला काई लागत नाही. ठेवून काय उपयोग?"

त्यांना नर-मादी ओळखायला कुणी शिकवलेलं नाही, आणि तरी एका नजरेत ओळखलं. तुम्ही पलीकडच्या पाइपाकडं बोट दाखवता. तिथल्या तोंडल्यांत बी भरतं ते या फुलांमुळं, असं जमेल तसं सांगता. त्या ऐकून घेतात.

"मला काय, राहिली तर राहिली. पण सुपरवायझर फोटो मागतो. बोळ साफ दिसला पाहिजे."

शेवटी जुळतं ते असं: गुडघ्याच्या वरचं सगळं कापायचं, खालचं ठेवायचं, आणि मातीच्या पट्टीवर राडारोडा टाकायचा नाही. तुम्ही वेल ओढून धरता, त्या कापतात. कापलेल्या भारातून त्या कोवळे शेंडे वेगळे खुडतात आणि कोटाच्या खिशातून काढलेल्या पिशवीत भरतात.

"घरी?"

"मस्सोप्पु," त्या म्हणतात, आणि तुम्ही कसं करायचं विचारल्यावर कोयता भिंतीला टेकवून सविस्तर सांगतात. तूरडाळ शिजायला टाकायची. हरिवे सोप्पु, म्हणजे माठाचा पाला, जास्त घ्यायचा, तोंडेचा पाला मूठभरच, जास्त झाला तर कडू होतं. टोमॅटो, हिरवी मिरची, थोडी चिंच, सगळं डाळीतच शिजवून रवीनं घोटायचं. वरून लसणाची फोडणी, लसूण लाल होईपर्यंत. सोबत नाचणीचे उकडलेले गोळे, म्हणजे मुद्दे. "आणि शेंडा दोन पानांपर्यंतच खुडायचा," त्या बजावतात, "खालचं पान चिवट असतं, ते घालू नका."